गीत : पारंपरिक

सांगलीहून पहाटेच्या एसटीने पेणला निघाले ती रागातच. प्रवासाला निघताना माणसाने प्रसन्न असावं असं आई म्हणायची, पण मला ते जमलं नाही. खंबाटकीचा घाट येईपर्यंत माझी मनातल्या मनात तीन पत्रं लिहून झाली होती, आणि तिन्ही फाडावी लागतील अशी होती.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी पुतणीच्या हळदीला डीजेने एक गाणं लावलं. पहिले चार ठोके वाजले आणि माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. ठोके ओळखीचे, चाल ओळखीची, शब्द मात्र भलतेच. ‘बांगडी फुटली गो बाय, बांगडी फुटली, माझा साजन दारान आयला.’ सगळा मांडव नाचत होता. मी डीजेला विचारलं, हे गाणं कुणाचं? त्याने मोबाईल पुढे केला. गाण्याखाली लिहिलं होतं, ‘गीत व संगीत : पारंपरिक’.

“जुनं कोळीगीत आहे काकू, शंभर वर्षांचं,” तो म्हणाला.

माझं वय एकोणपन्नास. हे गाणं मी एकोणिसाव्या वर्षी पेणच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकलं होतं, आणि ज्या मुलीने ते रचलं ती माझ्यापासून आठ-दहा फुटांवर उभी राहून गात होती.

वडील एसटीत मेकॅनिक होते. त्यांच्या बदलीमुळे आम्ही दोन वर्षं पेणला काढली. त्या वेळी तिथे ‘खाजण’ नावाचा रॉक बँड होता. (खाजण म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली जमीन.) गिटारवर दिगंबर, ड्रमवर अस्लम आणि गाणारी शैला. बास वाजवणारा दर वर्षी बदलायचा, त्यामुळे त्याचं नाव कुणाला आठवत नाही. शैला दोन वेण्या घालून, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये स्टेजवर आली तेव्हा मागच्या मुलांनी शिट्या मारल्या. मग अस्लमने ते चार ठोके दिले, दिगंबरची गिटार करवतीसारखी चालू झाली, आणि शैलाने खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या माणसाला हाक मारावी तसा आवाज लावला.

बांध फुटला गो बाय, बांध फुटला,
माजे शेतान दर्या आयला!

शिट्या थांबल्या. प्राचार्यांनी कानांवर हात ठेवले होते, ते मला अजून दिसतं.

मुंबई-पुण्याची चार मुलं परदेशी गाण्यांची नक्कल करतात तेव्हा त्यांच्या मुलाखती छापून येतात. पेणच्या तिघांनी स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या जमिनीवरचं गाणं केलं, तर त्याला शंभर वर्षांचं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं! ज्या म्युझिक कंपनीने ‘बांगडी’ काढलं होतं तिला मी पत्र लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं : ‘सदर गीत पारंपरिक असल्याचे मूळ कॅसेटवरच नमूद आहे.’ धडधडीत खोटं. ती मूळ कॅसेट शोधून त्यांच्या तोंडावर मारायची, एवढ्यासाठी मी चार दिवसांची रजा टाकली होती.

पुण्याला गाडी बदलली, आणि खोपोलीमार्गे पेणला पोचले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. हवेत खाडीचा तो खारट, ओलसर वास होता. तीस वर्षांत गाव ओळखू न येण्याइतकं वाढलंय, पण कारखान्यांच्या दारांत न रंगवलेले पांढरे गणपती तसेच रांगेने वाळत होते. ज्या दुकानातून आम्ही कॅसेटी घ्यायचो तिथे आता मोबाईलची कव्हरं लटकतात. मालक मात्र तेच, केस तेवढे पांढरे झालेले.

“खाजण?” ते हसले. “ते धांगडधिंगावाले? असेच कोणकोण आले नि गेले. कॅसेट कुठली आता. ती शैला हाय पण. वडखळच्या पुढं, खाडीवरच्या गावात. आंगनवाडीत मदतनीस हाय ती.”

‘धांगडधिंगावाले’ ऐकून मी काही बोलणार होते, पण पत्ता त्यांच्याकडूनच घ्यायचा होता. तो लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडखळला उतरले. नाका म्हणजे नुसती धूळ, हॉर्न आणि वडापावच्या गाड्या. रस्ता खणलेला, आणि किती वर्षं खणलेला आहे ते विचारलं की लोक नुसते हसतात. त्या गोंधळात मी चुकीच्या सहा आसनी रिक्षात बसले आणि थेट अलिबागच्या रस्त्याला लागले. धरमतरचा पूल ओलांडल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, “तुमाला इकडं नाय यायचं होतं, पाठी जा.” पोयनाडला उतरून परत फिरले. शैलाच्या अंगणात पोचायला बारा वाजले.

ती वालाच्या शेंगा सोलत बसली होती. वेण्यांच्या जागी आता अंबाडा, चष्मा, जरा सुटलेलं अंग. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, गॅदरिंग सांगितलं. तिला मी आठवणं शक्यच नव्हतं. पण ती म्हणाली, “बस गो बाय. जेवल्याबिगर काय बोलाचा नाय.”

तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण. जिताडा हा इथला मानाचा मासा, तो तळ्यातला. तळं कुठलं विचारलं तर ती उठली. “चल, दाखवतंय.”

घरामागून पाच मिनिटांवर बांध होता. एका बाजूला खाडी, आणि दुसऱ्या बाजूला जिथे भाताची खाचरं असायला हवीत तिथेही खाडीच, म्हणजे तिवरांचं (खारफुटीचं) दाट रान आणि कडेला साचलेल्या पाण्याची तळी.

“यो सगला आमचा भात होता,” शैला म्हणाली. “उधानाचे भरतीला बांद फुटला. मी सतरा वर्सांची आसंन. सगला गाव धावला. बाया घमेल्यान चिखल आनीत, बापे चिखल ठोकीत. चार ठोके मारायचे नि घमेल्यासाठी थांबायचा. चार ठोके नि थांबायचा. सांजपातुर ठोकला. बांद नाय रायला.” ती पाण्याकडे बघत होती. “रडू नाय आला मना. गाना आयला. अस्लम ड्रमवर वाजवी ना, ते तेच चार ठोके.”

माझ्या पुतणीच्या हळदीत आम्ही सगळे या बाईच्या बुडालेल्या शेतावर नाचलो होतो.

“आमचे गावान पन वाजतो तो लगनान,” ती म्हणाली. “ते चार ठोके आयकले का मी घरान येतंय, दार लावून घेतंय. कंपनीवाल्यांनी माजा नाव पुसला. कोनाला सांगू?”

“मला सांगितलंत ना,” मी म्हटलं. “मी बघते त्यांच्याकडे. कॅसेट आहे का तुमच्याकडे?”

“माजेकरं कंची? लगीन ठरला, मी सगला सोरला. कवर छापला तवा मी गावान होती. आमचा टेप पन बिगारला होता. अस्लमकरं आसंल. रोह्याला हाय तो, कंपनीत.”

दुपारी तिच्या पुतण्याने मला मोटरसायकलवरून कासू स्टेशनला सोडलं. तासाभराने पनवेलहून येणारी रोहा गाडी आली, जवळजवळ रिकामी. रुळांच्या दोन्ही बाजूंना भात कापून झालेल्या शेतांत वाल हिरवागार माजला होता. खिडकीशी बसून मी पत्राचा चौथा मसुदा तयार केला. आता त्यात बांध होता, घमेली होती, ठोके होते. कंपनीला घाम फुटेल अशी माझी खात्री होती.

रोह्याला उतरल्यावर आधी नाकाला कळतं की इथे केमिकलच्या कंपन्या आहेत, मग डोळ्यांना कळतं की कुंडलिका नदी किती देखणी आहे. अस्लमची पहिली शिफ्ट सुटली होती. तो नदीकाठच्या हॉटेलात भेटायला आला तो युनिफॉर्मवरच. उंच, वाकलेला, डाव्या कानाने कमी ऐकणारा.

“ड्रमनी नाय गेला कान, म्याडम. कंपनीतल्या मशिनीनी गेला,” त्याने पहिल्यांदा हेच सांगितलं, जणू ड्रमवर आळ येऊ नये म्हणून.

मी विचारलं, बँड बंद का पडला? तो चहात पाव बुडवत सांगत राहिला. पुण्याच्या स्पर्धेत एक परीक्षक म्हणाले, मुलीचा आवाज रानटी आहे, भाषा शुद्ध करा. मुंबईचा एक कॅसेटवाला म्हणाला, गिटार काढा, डोक्यावर टोपल्या घ्या, चार पोरी नाचवा, मग बघू. दुसरा म्हणाला, रॉक करायचं तर मराठीत कशाला? शेवटी स्वतःच्या हिमतीवर एक कॅसेट काढली. तोवर शैलाचं लग्न ठरलं, दिगंबरला हायस्कुलात नोकरी लागली आणि अस्लम शिफ्टमध्ये अडकला.

“लोक बोलतात तुमी फेल झालात,” तो म्हणाला. “फेल नाय झालो ओ. आमचा पेपरच कोनी तपासला नाय.”

कॅसेट त्याने जपून ठेवली होती, रुमालात गुंडाळून. फीत आतून चिकटली होती, वाजण्याची शक्यता नव्हती. मला फीत नकोच होती. मी कव्हर उघडलं. आतल्या घडीवर, फिक्या निळ्या अक्षरांत छापलं होतं :

गिटार : दिगंबर. ड्रम : अस्लम. गायिका : खाडीकन्या. गीत व संगीत : पारंपरिक.

मी ते दोनदा वाचलं. कंपनी खोटं बोलली नव्हती.

“हे कोणी लिहिलं?”

अस्लमने नजर वळवली. “दिगूने. छपाईचं सगलं तोच बघायचा. मना पन छापल्यावर कळलं.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“बसलो,” तो म्हणाला.

दिगंबर स्वेच्छानिवृत्ती घेऊन खांब गावात राहतो. मी अस्लमला म्हटलं, मला आत्ता तिथे जायचंय. तो स्कूटरकडे गेला. कोलाडमार्गे हायवेवरून जाताना ट्रकांची धूळ तोंडात जात होती आणि मी अस्लमच्या चांगल्या कानाशी ओरडून ओरडून बोलत होते.

दिगंबर सरांचं घर टुमदार आहे. पुढे सुपारीची झाडं, ओटीवर झोपाळा. भिंतीवर गिटार टांगलेली होती, तारा नसलेली. त्यांनी कोकमाचं सरबत दिलं. मी कव्हर त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “तिच्या भल्यासाठी केलं. लग्न ठरलं होतं तिचं. बँडच्या कॅसेटवर मुलीचं नाव, तेही दोन मुलांबरोबर. सासरचे काय म्हणतील? लग्न मोडलं असतं तर?”

“सासरच्यांनी तसं सांगितलं होतं?”

“नाही. पण आपण समजून घ्यायला नको का?”

“शैलाला विचारलंत?”

“तिला कशाला त्रास?”

“आणि तुमचं लग्न?” मी विचारलं. “ते ठरलं नव्हतं का तेव्हा?”

“ठरलं होतं. त्याच वर्षी झालं.”

“तुमचं नाव मात्र छापलंत.”

झोपाळा थांबला. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला हे सांगू नका. इतकी वर्षं झाली.”

या ‘इतकी वर्षं झाली’ने माझं डोकं फिरलं. त्यांच्याच ओटीवरून मी शैलाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “दिगूला सांग, सकालचे गारीला रोहा टेशनान ये. मी येतंय.” आणि फोन ठेवला.

सकाळी आम्ही तिघे फलाटावरच्या बाकावर बसलो होतो. दिगंबर सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि सारखा घाम पुसत होते. गाडी आली. शैला उतरली, सरळ चालत आली आणि बसली नाही.

“दिगू, सासरचे काय बोलतील म्हनून माजा नाव खोरलास?”

“शैला, मला वाटलं...”

“आदी आयक. माजी सासू त्या दिवशी बांदावर चिखल टाकीत होती. मंग गनपतीला तिनी तो गाना आयकला नि दुसरे दिवशी आमचे घरा आयली. बोलली, यी पोर मना सून पायजे, हिनी आमचा बांद गान्यान ठेवलाय. त्या गान्यानी माजा लगीन जमला, दिगू. नि तू लगीन मोरंल म्हनून नाव काढलास!”

सर उठून उभे राहिले.

“एक डाव इचारायचा होता मना. एकच डाव. मी कय मुकी होती?” तिचा आवाज आता चढला होता. तोच आवाज. चहावाल्याने किटली खाली ठेवली. “यो बांगरीवाला गाना आयकल्यापासून मी कंपनीला शिव्या घालतंय. नि यो घरचाच!”

“माझं चुकलं,” सर म्हणाले. मग पुन्हा, हळू, “चुकलं गं.”

मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, हे कबूल करते. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

“नि तू गो? तू सांगलीशी आयलीस, भांडतंस, पत्र लिवतंस. तू तरी इचारलास का, मना कय पायजे?”

चोवीस तासांत मी तिच्या घरी जेवले होते, तिच्या बांधावर उभी राहिले होते, तिचं दुःख माझ्या मसुद्यात घातलं होतं. हे एक विचारलं नव्हतं. मान खाली घालून मी विचारलं, “काय पाहिजे तुम्हाला?”

“नाव पायजे. का नको? पन आदी त्यांना सांग, बांगरी नाय, बांद. आमचा बांद फुटला. तो शबुद पयला सुदरा.”

अस्लमने खिशातून डायरी काढली. दिगंबर सर बाकावर बसून लिहू लागले : ‘हे गीत व याची चाल माझी नसून परंपरेतीलही नाहीत. ती दोन्ही शैला यांची आहेत. कॅसेटवर खोटी नोंद मी केली.’ शैलाने ‘खोटी’ शब्दावर बोट ठेवून तो पुन्हा वाचायला लावला. मग ती म्हणाली, “आता गाना लिव. सगला.” संपूर्ण गाणं लिहिलेलं कुणाकडेच नव्हतं. फीत मेलेली, शब्द फक्त तिच्याकडे. ती एकेक ओळ सांगू लागली. दुसऱ्या कडव्याला सांगण्याचं गाणं झालं. अस्लमची बोटं बाकाच्या पत्र्यावर आपोआप पडली, चार ठोके नि थांबणं. दिगंबर सर लिहीत होते आणि शाई पसरत होती, कारण त्यांचे डोळे गळत होते.

मासळीची पाटी घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, “यो बांगरीवाला गाना ना?”

“नाय,” शैला म्हणाली. “बांदाचा.”

दुपारच्या गाडीने शैला गेली. दिगंबर सर तिला डब्यापर्यंत सोडायला गेले, पण ती त्यांच्याशी बोलली नाही. सगळं मिटलं असं मी लिहिणार नाही, कारण मिटलं नाही.

सांगलीला आल्यावर मी तो कागद, कव्हरचा फोटो आणि पूर्ण गाणं कंपनीला पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. गाण्याखालची नोंद बदलली होती : ‘गीत : शीला (पारंपरिक)’. नाव चुकवलं, आणि कंसात परंपरा तशीच. शब्द बदलता येणार नाही, ‘बांगडी’ लोकप्रिय आहे, असंही लिहिलं होतं. मी पुन्हा पत्र पाठवलंय. आता कुठल्याही गाण्याखाली ‘पारंपरिक’ दिसलं की मला आधी प्रश्न पडतो की ही कुठली बाई असेल, आणि तिला कुणी विचारलं होतं का. मग स्वतःचाही राग येतो, कारण मलाही ते विचारायला उशीर झाला होता.

ते उत्तर वाचून दाखवायला मी शैलाला फोन केला. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, “शीला त शीला, तू लिवतच ऱ्हा. पन आयक ना, काल काय झाला.” गावात लग्न होतं. डीजेने ते गाणं लावलं. या वेळी ती घरात गेली नाही. मांडवात जाऊन तिने डीजेला बंद करायला लावलं, माईक घेतला आणि बांधाचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. म्हातारी सासू खुर्चीवर बसून मांडीवर चार ठोके देत होती.

“मग?” मी विचारलं. “लोक नाचले?”

“कोन नाय नाचला,” शैला म्हणाली. “सगली उठून हुबी रायली.”